मिरी मुंगी आणि तुटलेली रेघ

एक होतं भाताचं शेत. शेतात पाणी. पाण्यामधून बांध. बांधावर मिरी मुंगी.

मिरी एवढीशी, पण सगळं शेत तिला पाठ. जागा म्हणजे ठिपका. बांध म्हणजे रेघ. वारूळ एक ठिपका. दगड एक ठिपका. आंबा, डबकं, विहीर, आणखी तीन ठिपके. किती झाले? पाच. एका ठिपक्यावरून रेघ धरायची, दुसऱ्या ठिपक्यावर पोचायचं. मिरी अशीच हिंडायची. तुरुतुरु, तुरुतुरु.

एकदा वारुळात ओल आली. म्हणून मिरीनं बाळाला दगडावर उन्हात ठेवलं. बाळ केवढं? साखरेच्या कणाएवढं. पांढरं, गुपचूप, अजून पायसुद्धा न फुटलेलं.

"हलू नको हं," मिरी म्हणाली. "घर झाडते, की आलेच."

पाय नाहीत तर हलणार कसं? पण आया असं म्हणतातच.

मिरी घरी गेली. इकडे खेकडा बांध उकरायला लागला. करकर, करकर. बांधाला भोक पडलं. खळखळ, खळखळ. वारूळ आणि दगड यांच्या मधला बांध फुटला. रेघ तुटली. मिरी या बाजूला. बाळ त्या बाजूला. आणि पाणी दगडाच्या पायाशी.

"खेकडेदादा, भोक बुजवा," मिरी म्हणाली.

"मला उकरता येतं. बुजवता येत नाही," खेकडा म्हणाला, आणि बिळात गेला.

मिरीला रडू आलं. मुंगीचं रडं केवढं असणार? पण होतं ते खरं.

मग तिला आठवलं. दगडाकडे दोन रेघा जातात. एक तुटली. दुसरी आंब्याकडून जाते. वाट लांबची, पण आहे.

वारूळ ते आंबा, एक रेघ. तुरुतुरु, तुरुतुरु. आंबा ते दगड, दुसरी रेघ. त्या रेघेवर मधोमध बसला होता बेडूक. गोल गरगरीत. इकडे पाणी, तिकडे पाणी, मध्ये बेडूक.

मिरी म्हणाली, "बांध फुटला, बाळ दगडावर. बेडूककाका, तुम्ही सरका."

बेडूक ओठ न हलवता म्हणाला, "मी नाही सरकणार. सरकलो की बगळा मला बघेल. बघितलं की गट्टम करेल. बगळा उडाला तर मी सरकेन."

"मग तुमच्या अंगावरून जाऊ?"

"नको गं मिरे. मला गुदगुल्या होतात."

पाणी दगडाच्या गुडघ्याशी.

आंबा ते डबकं, एक रेघ. तुरुतुरु, तुरुतुरु. डबक्याच्या काठावर बगळा. एका पायावर उभा.

मिरी म्हणाली, "बांध फुटला, बाळ दगडावर. बेडूक सरकेना. बगळेदादा, तुम्ही उडा."

बगळा म्हणाला, "मी नाही उडणार. म्हैस जिकडे, मी तिकडे. तिच्या पायाशी किडे असतात. म्हैस उठली तर मी उडेन."

पाणी दगडाच्या पोटाशी.

म्हैस डबक्यात. नुसतं नाक वर. फुस्स, फुस्स.

मिरी म्हणाली, "बांध फुटला, बाळ दगडावर. बेडूक सरकेना, बगळा उडेना. म्हैसताई, तुम्ही उठा."

म्हैस म्हणाली, "मी नाही उठणार. इथं गार वाटतं. सगुणाकाकूंनी हाक मारली तर मी उठेन."

पाणी दगडाच्या छातीशी. बाळ तसंच, गुपचूप.

डबकं ते विहीर, एक रेघ. तुरुतुरु, तुरुतुरु. मिरीचे सहाही पाय दुखत होते. विहिरीजवळ सगुणाकाकू. शेत त्यांचं, म्हैसही त्यांचीच. साडी खोचलेली, टाचेनं बांध चेपत होत्या. थप, थप, थप.

मिरी म्हणाली, "बांध फुटला, बाळ दगडावर. बेडूक सरकेना, बगळा उडेना, म्हैस उठेना. सगुणाकाकू, तुम्ही हाक मारा."

काकू म्हणाल्या, "मी नाही गं बाय हाक मारणार. माझं पाणी चाललंय. कुठला बांध फुटलाय, कळत नाही. केव्हाची हा बांध चेपतेय, तरी पाणी जातंच आहे. फुटलेला बांध सापडला तर मी हाक मारीन."

अरेच्चा. काकू भलताच बांध चेपत होत्या.

पाणी दगडाच्या गळ्याशी.

मिरीनं गवताची एक काडी उचलली. काकूंच्या पायाशी ओला, गुळगुळीत चिखल होता. त्यावर मिरीनं एक ठिपका टोचला. "हे वारूळ." दुसरा टोचला. "हा दगड." मग आंबा, मग डबकं, मग विहीर. पाच ठिपके.

मग काडी ओढत निघाली. सर्र, वारूळ ते आंबा. सर्र, आंबा ते दगड. सर्र, आंबा ते डबकं. सर्र, डबकं ते विहीर. सर्र, विहीर ते वारूळ. पाच रेघा. राहिली एकच, वारूळ ते दगड. ती मिरीनं अर्धी काढली, आणि थांबली.

काकू वाकल्या. अगदी खाली वाकल्या.

"अगं, हे तर माझंच शेत," त्या म्हणाल्या. "ही विहीर. इथं मी. आणि ही रेघ मधेच तुटलीय. म्हणजे दगडाकडचा बांध फुटलाय."

"हो," मिरी म्हणाली. "तिथे माझं बाळ आहे."

काकू सरळ उभ्या राहिल्या. बांध बुजवायचा तर चिखल हवा. चांगला चिखल डबक्यात. आणि त्यावर म्हैस बसलेली.

"चंद्रे, ऊठ गं. ये, ये, ये."

काकूंनी हाक मारली, म्हैस उठली. खळ्ळ. म्हैस उठली, बगळा उडाला. फडफड. बगळा उडाला, बेडूक सरकला. डुबुक.

आणि मिरी? मिरी केव्हाच पळत सुटली होती. विहीर ते डबकं, एक रेघ. तुरुतुरु. डबकं ते आंबा, दुसरी रेघ. तुरुतुरु. आंबा ते दगड, तिसरी रेघ. रेघेवर कुणी नव्हतं. पण रेघ ओली झाली होती. मिरीचे पाय घसरत होते. एकदा पडली. उठली. पुन्हा पडली. पुन्हा उठली.

पाणी दगडाच्या डोक्याशी. बाळ हललं. पाय नसलेलं बाळ, पाण्यानं हललं. एक थेंब आला. बाळ कडेला गेलं. दुसरा थेंब आला.

मिरीनं बाळाला तोंडात धरलं.

घट्ट.

तिकडे काकूंनी घमेलंभर चिखल आणला. फुटलेल्या बांधावर थापला. टाचेनं चेपला. थप, थप, थप. खळखळ थांबली.

मिरी हळूहळू घरी निघाली. दगड ते आंबा, आंबा ते वारूळ.

पाण्यातून बेडूक म्हणाला, "मिळालं का गं मिरे?" मिरी बोलली नाही.

वरून बगळा म्हणाला, "मिळालं का गं मिरे?" मिरी बोलली नाही.

बांधावरून म्हैस म्हणाली, "मिळालं का गं मिरे?" मिरी बोलली नाही.

काकू म्हणाल्या, "गप्प बसा रे सगळे. तिच्या तोंडात बाळ आहे."

वाट लांबची, बाळ घरी, आपली गोष्ट झाली पुरी.