जमीन संपली तेव्हा

माळावर अजून कुंपणं आली नव्हती, तेव्हा तिथे काळविटांचा एक कळप राहत असे. पाडसाला रोज बाभळीपर्यंत सरळ पळवायचं, दुसरं काही म्हणजे काही शिकवायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

मिरी नावाचं पाडस मात्र दुपारी शेळ्यांबरोबर खडकांवर चढे आणि म्हशींबरोबर डोहात शिरे. तिच्या आईच्या, तांबूच्या, छातीत सारखं धडधडे.

"अगं, पाय मोडला म्हणजे? तेवढ्यात दोन फेऱ्या झाल्या असत्या!"

बाकीच्या हरिणी चिडवत, "तांबू, तुझ्या लेकीला म्हशीकडेच दत्तक दे बाई!"

एका सकाळी लांडगे आले. दोन्ही बाजूंनी रेटत त्यांनी कळपाला नदीकडे पळवलं. पळण्यात कुणीच कमी पडलं नाही, पण पुढे जमीनच संपली. मिरी दरड उतरून पाण्यात शिरली. तांबू काठावरच थांबली.

"आई, ये ना!"

"मला नाही गं येत!"

"पळता येतं ना? तसेच पाय मार, फक्त मान वर ठेव."

मागे गुरगुर ऐकू आली. तांबूने डोळे मिटून उडी घेतली. पाय जमीन शोधत राहिले. तिच्यामागून एकेक हरिणी पाण्यात पडू लागली.

"मिरी, मी बुडले तर? ते मागून आले तर? पलीकडे कुणी असलं तर?"

"आई, बोलू नकोस. तोंडात पाणी जाईल."

तांबू जन्मात पहिल्यांदा गप्प बसली आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत लेक वळेल तशी वळत राहिली.