दोन्ही तारा लाल

"बटनाला न्यूट्रल कशाला लागतोय? आं? बटन काय पंगतीला बसलंय, दोन भाज्या वाढाय?"

जालिंदर वायरमन हे ज्या बाईला सुनवत हुता, ती तिथं नव्हतीच. ती सकाळच्या एसटीनं कामावर गेलती. ह्याचं भांडण मातर अजून चालूच हुतं.

म्होरं आपल्या दुकानात बसलाता दस्तगीर वस्ताद. जळक्या मोटारीची तार उकलत. अठरा वर्सांमागं जालिंदर वायरमनकी शिकला ती ह्याच म्हाताऱ्याच्या हाताखाली.

"कोन मागतंय न्यूट्रल?" वस्तादनं मान वर केली न्हाई.

"हौसाक्काची सून. फोनवर चालणारी बटनं मागिवल्यात म्हणं. त्यास्नी बोर्डात न्यूट्रल लागतोय. मी म्हनलं, बाई, फेज, म्हंजे करंटची तार बटनात, न् न्यूट्रल, म्हंजे परतीची तार थेट बल्बाला, आजवर आसंच केलंय. ऐकंल तर शप्पत! दिला वडून. सगळं घर उचकटून दिला. आन् आता वर मलाच म्हनती, चुकलंय."

"काय चुकलंय?"

"काय न्हाई! तिची बटनं अजून आली न्हाईत, म्हनून मी साधी लावली. दाबलं की बल्ब लागतोय, बंद केलं की इझतोय. मानसाला आनि काय पायजे? तर हिनं आज सकाळी बटन बंद केलं, बल्ब काढला, होल्डरात टेस्टर घातला. म्हनती, टेस्टर पेटतोय. बटन बंद करून बी होल्डरात करंट हाय म्हनती!"

"पेटला?"

"तिचा पेटला. पार्सलनं आल्याला टेस्टर. त्यो पेटंल न्हाईतर गाणं म्हनंल."

"तू तुझा लावून बघितलास?"

"मी? तिच्या सांगण्यावनं?"

वस्ताद तार उकलत ऱ्हायला...

जालिंदर जवळ सरकला.

"ह्यात त्या दुसऱ्या वायरमनचा, शिरप्याचा हात हाय, वस्ताद. त्याला ते काम पायजे हुतं. परवा मी जेवाय गेलो तवा त्यो त्याच गल्लीत घिरट्या घालत हुता. त्यानंच तारा हिकडच्या तिकडं केल्या आसतील. न्हाईतर सुनंला पढवली आसंल."

बोलता बोलता त्याचं डोळं बारीक झालं.

"तुमच्याकडं आलता का शिरप्या?"

"आलता."

"काय म्हनला?"

"च्या पिऊन गेला."

जालिंदरच्या डोक्यात भुंगा सुरू झाला. च्या प्याय कोन तीन मैल तंगडतोड करत येतंय का? आन् म्हातारं मान का वर करंना?

"तार कुठल्या रंगाची वडलीस?" वस्तादनं इचारलं.

"फेजला लाल."

"न्यूट्रलला?"

जालिंदरनं कान खाजवला.

"काळी संपलती. तालुक्याला जायचं म्हंजे दिवस मोडतोय. लालच वडली... पर मला ठावं हाय की कुठली कुठली! माझ्याच हातानं वडलीया."

"खूण बांधलीस?"

"मला कशाला खूण? मी काय कालचा हाय?"

"आन् बटनात फेजच्या जागी न्यूट्रल गेला तर? बल्ब इझतोय, पर करंट होल्डरातच ऱ्हातोय." वस्तादनं मोटार बाजूला सारली. उठला. दुकानातला बल्ब दिवसा बी चालूच आसायचा, त्याचं बटन बंद केलं. दुकानात अंधारून आलं.

"काढ बल्ब."

जालिंदरनं टोपीत धरून काढला.

"आता होल्डरात बोट घाल."

जालिंदरचा हात खिशातल्या टेस्टरकडं गेला. वस्तादनं तळवा म्होरं केला.

"टेस्टर हिकडं."

"अवो, पर..."

"बटन मी बंद केलं. तुझ्या म्होरं. वायरिंग माझ्या हातची. घाल."

बोट वर गेलं... आन् होल्डरापासनं चार अंगुळं अलीकडं थांबलं. शिरप्या येतोय काय, च्या पितोय काय, आन् आज म्हातारं टेस्टर काढून घेतंय. ह्याच्या मनात हाय तरी काय?

"का रं? माझ्यावर भरवसा न्हाई?"

"हाय की."

"मग घाल."

"न्हाई," जालिंदर म्हनला. त्यानं बोट मागं घेतलं.

"शाबास."

वस्तादनं टेस्टर परत दिला, बल्ब लावला. होल्डरात करंट हुता का नव्हता, ते काय सांगितलं न्हाई.

"हौसाक्काचा हाय का तुझ्यावर भरवसा?"

"लई!" जालिंदरची छाती परत फुगली. "सुनंपेक्षा माझ्यावर जास्ती. सून जाताना मेन स्विच पाडून गेलती. म्हनली, आत्या, मी येईस्तवर कशाला हात लावू नका. मी सरळ जाऊन मेन वर केला. म्हनलं, आक्का, कालच्या पोरीचं काय ऐकताय? बटन बंद करा आन् खुशाल..."

त्यो मधीच थांबला.

"खुशाल काय?"

"...खुशाल पुसा म्हनलं."

"काय पुसा?"

"दसरा काढाय घेतलाय तिनं आज. घट बसायच्या आदी सगळं घर धुवून काढती म्हातारी. भांडी, गोधड्या, फळ्या. मी निगालो तवा स्टूल वडत हुती... बल्ब काढून होल्डर बी पुसती ती. दरसाल."

"कशानं?"

जालिंदरनं गाडीची किल्ली चाचपली.

"...वल्या फडक्यानं."

वस्तादनं हात म्होरं करून जालिंदरच्या खिशातला मोबाईल काढला आन् त्याच्या हातात ठेवला.

"मी जातोच की तिकडं," जालिंदर घाईनं म्हनला. "गाडी हाय, पंधरा मिंटात पोचतो. गुमान बघतो उघडून, काय आसंल ते करतो नीट. कुणाला सांगायची तरी काय गरज? तिथं शेजारनी जमल्यात सगळ्या. आन् शिरप्यानं जर ते मुद्दाम..."

"लाव."

"आता सुनंचंच खरं हुतं म्हनून सांगू व्हय? गावात मला काम कोन देईल, वस्ताद?"

"फोन लाव. म्हन, आक्का, स्टुलावनं खाली उतरा, मेन पाडा, माझं चुकलंय. लाव. मी ऐकतोय."