घरट्याला मागचं भोक

फार वर्षांपूर्वी विहिरीवरच्या एका बाभळीत सुगरणींची वस्ती होती आणि राखणीला कोतवाल पक्षी होता. एकदा अंडी चोरीला गेली, तेव्हा त्याने फर्मान काढलं, "चोर घरट्यांतच लपतात. प्रत्येक घरट्याला मागून एक भोक ठेवा, फक्त माझ्या तपासणीसाठी. कुणाची हरकत असेल तर उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या जमल्या. एक म्हातारी सुगरण तेवढी पुढे सरकली.

"कोतवालदादा, तुमच्यावर शंका नाही. पण आत कोण शिरतंय, हे भोकाला कसं कळणार? मी ठेवणार नाही."

"हिची एकटीचीच हरकत?" कोतवाल चिडला. "बाकीच्यांचं काय?"

खालच्या झुडपातून साप न राहवून म्हणाला, "आमची काहीच हरकत नाही!"