केळुसकर सरांच्या तासातली शंका

प्राध्यापक केळुसकर विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवायला उभे राहिले की दोन-दोन तास थांबत नसत. मध्येच बाहेर जाणाऱ्याची हजेरी गेलीच म्हणून समजा. वर दर तासाला बजावायचे, "शंका दाबून ठेवू नका, लगेच बोला!"

त्या दिवशी यशोधनला अगदीच धीर धरवेना. घाम पुसत तो उठला. "सर, शंका आहे."

"कसली?" सरांनी ऐटीत विचारलं.

"लघु आहे, सर. पण आता दाबून ठेवता येत नाही."

वर्गात हशा पिकला. आपल्याच शब्दांत सापडलेले सर म्हणाले, "जा, निरसन करून ये!"

यशोधन धावत सुटला. हलका होऊन परततो, तर समोरून सरच लगबगीने येत होते. जाता जाता पुटपुटले, "तुझी शंका रास्त होती रे!"