शेवंताचं निळं मडकं

ऐका हं, पण मधेमधे बोलायचं नाही! त्या वर्षी ऊन असं, की अंगणात पाऊल टाकलं तरी चटका बसावा. नारळी-केळीच्या एका वाडीत, इवल्याशा खोपीत शेवंता राहायची. सोबत आई आणि धाकटा भाऊ धोंडू. आई दिवसभर लोकांच्या बागेत राबायची, म्हणून धोंडूला सांभाळायचं शेवंतानेच. आणि धोंडूचं तर तोंड आलं होतं! जिभेवर लालचुटुक फोड. भात नको, पेज नको. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही, गाल पार आत गेलेले.

गोळेवाल्याने "अस्सल फळांचा रस" म्हणून त्याला नुसता लाल रंग पाजला होता, तेव्हापासूनचं हे दुखणं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शेवंता तर आता पाणीसुद्धा हुंगून प्यायची.

भर दुपारी ती वाडीत शहाळं आणायला गेली, तर केळीच्या पानांआडून गोड हाक आली, "शेवंता!"

तिने ओ दिली नाही. भर दुपारी पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तीनदा हाक मारेल त्यालाच माणूस समजावं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"शेवंता! अगं शेवंता!"

तीन झाल्या. मग शेवंताने वळून आधी पावलं बघितली. उलटी की सुलटी? सुलटी होती. गुलाबी, नाजूक, पण जमिनीच्या वीतभर वर! मोरपिशी पंख, चांदण्यासारखा झगा, केसांत दवाचे चमचमते थेंब.

'एवढ्या उन्हात दव टिकतं कसं?' शेवंताने डोळे बारीक केले.

"मी परी आहे, बाळे. एक इच्छा माग."

"धोंडूला खाता येईल असं काहीतरी गार. पण खरं हं, फसवाफसवी नको."

परीने रुंद तोंडाचं निळं मडकं पुढे केलं. "यात ठेवशील ते गोठेल. पण साखर घालायची नाही, बाजारातला रंग घालायचा नाही. आणि करणाऱ्याने पहिला घास स्वतः खायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. नाहीतर गारवा उडून जाईल."

"आणि तुम्हाला काय द्यायचं?"

"काहीच नाही."

फुकट? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय! पण धोंडूचा सुकलेला चेहरा आठवला आणि तिने मडकं घेतलं.

घरी दोघं कामाला लागली. धोंडूने पिवळीधमक वेलची केळी मुठीने कुस्करली. शेवंताने शहाळ्याची कोवळी, पांढरीशुभ्र मलई घातली, वर कलिंगडाचा गुलाबी गर. कोकम मुद्दामच नाही घातलं, फोडांना झोंबलं असतं. छोट्या करवंट्या भरल्या, बांबूच्या काड्या खोचल्या, मडक्यात ठेवल्या. बघता बघता सगळं टणक झालं!

धोंडूने आ केला. शेवंताचा हात थांबला.

करणाऱ्याने चाखायचं नाही? मनात खोट असणारा हेच सांगणार की!

"थांब रे," ती म्हणाली आणि तिने स्वतःच कचकन घास तोडला. गार. गोड. तिला काहीसुद्धा झालं नाही. पण मडक्यातून वाफ निघाली, करवंट्यांत नुसतं पाणी पाणी झालं, आणि धोंडूने भोकाड पसरलं.

दारात परी उभी. "नियम मोडलास, शेवंता."

"मोडला!" शेवंता रडत ओरडली. "नियम तुमचा असेल, भाऊ माझा आहे! न चाखता त्याच्या तोंडात मी काही घालणार नाही. विष असतं म्हणजे?"

"तर तूच मेली असतीस ना गं?"

"मग काय झालं?"

परी पुढे आली. मग तिने पदराने, म्हणजे पंखानेच, शेवंताचे डोळे पुसले. "हावरट पोरांसाठी केला होता गं मी तो नियम. तुझ्यासारखी मला कधी भेटलीच नव्हती. चुकलं माझंच. मडकं तुझं, कायमचं. आणि आता चाखून बघायचं ते तूच, सगळ्यांच्या आधी."

मडक्यावर तिने फुंकर घातली. करवंट्यांतलं सगळं पुन्हा टणक झालं, सोनेरी-गुलाबी उजेड खोपभर पसरला, डोळे दिपले, आणि परी दिसेनाशी झाली.

शेवंताने एक काडी चाखली, मग धोंडूला दिली. तो हळूच चोखायला लागला.

"दुखतंय का रे?"

धोंडूने मान हलवली. "नाही. अजून दे."