लाल शाईखालचे आकाश

“...पण माई, आकाश आकसतं म्हणजे नेमकं काय होतं, ते लक्षात आलं का?”

“नाही आलं, म्हणून तर विचारते. खाली अंगाची लाही होते, आणि वर गार पडतं?”

“हो. धुरातला जो वायू इथे ऊब धरून ठेवतो, तोच शेकडो किलोमीटर उंचीवर उष्णता बाहेर सोडून देतो. तिथली विरळ हवा निवते, आकसते, खाली बसते.”

“अगंबाई! एकच वायू, आणि स्वभाव दोन?”

डॉ. यशोधन केसकर हसले. त्यांच्या मांडीवर सूप होते. शेवंतामाईंच्या मठाचा रिवाजच तो: प्रश्न घेऊन येणाऱ्याने आधी पंगतीचे तांदूळ निवडायचे. अठ्ठावीस वर्षे आकाशात रेडिओलहरी सोडून, त्यांच्या प्रतिध्वनींवरून वरच्या थरांची उंची मोजणाऱ्याला खडे वेचणे ते काय अवघड!

“मग अडलं कुठे, साहेब?”

“माझी विद्यार्थिनी ऋजुता म्हणते, ते थर खाली येत आहेत. माझ्या तक्त्यांत ते जागच्या जागी आहेत. उद्या तिच्या प्रबंधावर सही करायची. केली, तर माझे तक्ते खोटे ठरतात. नाही केली, तर तिची पाच वर्षं वाया जातात.”

“तिला कुठे सापडलं हे?”

“...माझ्याच वह्यांत. फार खालची नोंद आली, की मी ती लाल शाईनं खोडत असे. यंत्र चुकतं, आकाश नव्हे... असं मीच तिला शिकवलं.”

“खोडलेल्या किती?”

केसकरांनी त्या कधी मोजल्याच नव्हत्या. त्यांनी घाईने सूप पुढे सरकवले.

“घ्या. एक खडा सापडायचा नाही.”

माईंनी पांढऱ्याशुभ्र तांदळांवरून बोटे फिरवली. “वा! हात स्वच्छ आहे तुमचा.”

मग त्यांनी केसकरांच्या गुडघ्याजवळचा टाकाऊ ढीग ओंजळीत घेतला. त्यातले खडे वेचले. तीनच निघाले.

उरलेल्यांतला एक तांबूस कण त्यांनी केसकरांच्या तळहातावर ठेवला.

“चावा.”

“माई, हा खडा...”

“चावा तर खरं.”

केसकरांनी चावला. जरा वेळाने जिभेवर गोडी उतरली.

“...तांदूळ आहे.”

“आमच्या डोंगरावरचा. तो तांबडाच पिकतो.”

केसकर माईंच्या ओंजळीतले तांबडे दाणे एकेक करून मोजू लागले...

माई उठल्या. चुलीवर लहान पातेले चढवून त्यांनी ती ओंजळ त्यात रिकामी केली.

“तुमचा भात आज यांचाच, साहेब. चव कशी झाली, ते मात्र खरं सांगायचं.”