एका बाहीचा कोट

कपडे शिवायला शिकवणारा एक विभाग एका शहरातल्या विद्यापीठात होता. तिथे नुसती शिलाई शिकवत नसत. कमी कापडात, कमी पाण्यात, वर्षानुवर्षं टिकेल असा कपडा कसा करावा, हे तिथलं खरं शिक्षण. विभागप्रमुख वनारसे मॅडम नव्या मुलांना सांगायच्या, "कपडा अंगावर चढायच्या आधीच त्यातलं कितीतरी कापड कचऱ्यात जातं. ते जो वाचवील तो खरा कारागीर."

मुलं हे वाक्य वहीत उतरवून घेत. मग टेबलाशी जात आणि हवं तसं कापड कापत. टेबलांखाली चिंध्यांचा ढीग साचे.

याच वर्गात उल्का शिकत होती. तिची आई तालुक्याच्या गावी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. आपली मुलगी विद्यापीठात शिकते, हे ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगे. ऐकलेल्या बाईलाही पुन्हा सांगे.

शेवटचं वर्ष आलं. प्रत्येकाने एक पोशाख शिवून वर्षअखेरच्या प्रदर्शनात मांडायचा होता. जो पहिला येईल त्याला पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती होती. उल्काला पुढे शिकायचं होतं आणि शिष्यवृत्तीवाचून ते जमणार नव्हतं.

ती वर्गासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या कटिंगच्या खोलीत या वर्षी जे कापड वाया जाईल, फक्त त्याचाच मी कोट शिवीन. बाहेरची एक चिंधीसुद्धा घेणार नाही."

"आणि कापड कमी पडलं तर?" मॅडमनी विचारलं.

सगळा वर्ग हसला. ऋत्विज नावाचा मुलगा मागून म्हणाला, "मॅडम, मी आहे ना वर्गात! कोट काय, तिला तंबू शिवता येईल."

ते खोटं नव्हतं. ऋत्विजचा हात वेगवान होता, पण कापड वाया घालवण्यातही त्याचा पहिला नंबर होता.

उल्का कामाला लागली. तास संपला की ती टेबलांखालचे तुकडे गोळा करी. धुवून, इस्त्री करून रंगांप्रमाणे लावून ठेवी. तिने आणखी एक गोष्ट केली. तुकडा कुणाचा आहे हे ती विचारून घेई आणि त्याच्या मागच्या बाजूला धावदोऱ्याने त्याचं नाव घाली. कोटाला अस्तर लावायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. कोट उलटा केला की कोणता तुकडा कुणी टाकला ते दिसावं.

हळूहळू कोटाची पाठ तयार झाली. मुलं ती उलटी करून बघायला गोळा झाली. जिकडे तिकडे 'ऋत्विज', 'ऋत्विज', 'ऋत्विज'.

"अगं, हा माझा कोट आहे की तुझा?" तो हसत म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर तो बदलला. कापडावर कागदी पॅटर्न ठेवून तो बराच वेळ नुसता बघत बसे. एक पॅटर्न उलटा फिरवी, दुसरा त्याच्या कुशीत सरकवी. बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याच्या गोलाईतून उरणाऱ्या जागेत कॉलर बसते, हे त्याला एकदा दिसलं, तेव्हा तो लहान मुलासारखा ओरडला. त्याचं बघून बाकीचेही तसं करू लागले. आपलं नाव त्या कोटात फार वेळा यावं, असं कुणालाच वाटत नव्हतं.

कोटाचं पुढचं अंग झालं. कॉलर झाली. एक बाही झाली. आणि चिंध्या संपल्या.

उल्का टेबलांखाली वाकून बघायची, तर तिथे दोरे आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या. तिला राग येऊ लागला. एकदा ऋत्विज मूठ उघडून तिला दाखवायला आला. "हे बघ! अख्ख्या कुडत्यातून एवढंच उरलं!" त्याच्या मुठीत जेमतेम चार धांदोट्या होत्या.

"छान," उल्का म्हणाली, आणि तोंड फिरवून निघून गेली. परीक्षा तोंडावर आली आणि सगळ्यांना नेमकी आत्ताच काटकसर सुचावी?

प्रदर्शन जवळ आलं. आईने येणार असल्याचं कळवलं. दुसऱ्या बाहीचा पत्ता नव्हता.

तेव्हा तिची मैत्रीण चैताली एक पिशवी घेऊन आली. पिशवीत रंगीबेरंगी तुकडे होते, बाहीला पुरून उरतील इतके. उल्काला आधी आनंद झाला. मग तिने एक तुकडा हातात घेतला. त्याला नव्या कापडाची खळ होती. आडवातिडवा कापलेला असला, तरी तो कुठल्याच पॅटर्नमधून उरलेला नव्हता.

"नवं कापड कापलंस?"

"मग काय करू? तुझं वर्ष जाताना बघू?" चैताली म्हणाली. "शिवून टाक. मागे माझं नाव घाल. माझ्याकडून वाया गेलं म्हणून सांग."

"वाया गेलं नाही, चैताली. तू घालवलंस."

"कुणाला कळणार आहे?"

उल्काने हो म्हटलं नाही. तिने पिशवी परतही केली नाही. आईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता. ती मशीनपाशी बसली आणि तुकडे जुळवू लागली. रंग सुरेख जुळत होते. मग नाव घालायला तिने सुईत दोरा ओवला, पहिला तुकडा उलटा केला आणि 'चै' एवढं अक्षर काढलं. पुढे हात चालेना. त्या कोटातलं प्रत्येक नाव खरं होतं. हे पहिलं खोटं होतं.

तिने सुई खाली ठेवली आणि कोट उलटा करून मांडीवर घेतला. पाठीवर नावांची नुसती गर्दी. पुढच्या अंगावर ती विरळ होत गेलेली. बाहीवर तर ऋत्विजचं नाव एकदाच. आणि तिला एकदम हसू फुटलं. वर्षभर ती काय शिवत होती ते तिला आत्ता कळलं. कापड कमी पडलं नव्हतं. ते वाचलं होतं.

तिने 'चै' उसवला. पिशवी चैतालीच्या हातात दिली आणि म्हणाली, "याची आपण तुझ्या भाचीला गोधडी शिवू. पण माझ्या कोटाला एकच बाही राहील."

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. आई पुढच्या रांगेत बसली होती. उल्का तो कोट घालून मंचावर आली. एक हात रंगीत बाहीत आणि दुसरा खांद्यापासून उघडा. लोकांत कुजबुज सुरू झाली. आईने पदर तोंडाला लावला.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक होत्या. त्यांनी चष्मा सारखा करून विचारलं, "दुसरी बाही कुठे आहे?"

उल्का ताठ उभी राहिली. "मॅडम, वर्गात जे वाया जाईल त्याचाच कोट शिवीन, असं मी म्हटलं होतं. दुसऱ्या बाहीपुरतं कापड माझ्या वर्गाने वाया जाऊच दिलं नाही."

तेवढ्यात मंचाच्या कडेला स्वतः शिवलेला कुडता घालून उभा असलेला ऋत्विज हात वर करून म्हणाला, "मॅडम, तिची बाही माझ्या कुडत्यात आहे!"

"थोडी माझ्या झग्यात!" दुसरी एक मुलगी ओरडली. मग सगळेच बोलू लागले. परीक्षक बाईंनी कोट मागून घेतला, उलटा केला, आणि पाठीपासून बाहीपर्यंत एकेक नाव वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा निवळत गेला.

तरी नियम तो नियम. पोशाख पुरा नव्हता. पहिला नंबर ऋत्विजच्या कुडत्याला मिळाला, कारण इतकं जपून केलेलं कटिंग त्या वर्षी दुसऱ्या कुणाचं नव्हतं. शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. सगळ्यांत जोराने टाळ्या उल्काने वाजवल्या. वाजवता वाजवता तिचे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "त्या पोराला कापायला कुणी शिकवलं गं?"

"वनारसे मॅडमनी."

"आणि जपायला?"

उत्तराची वाट न बघता आईने तिचा उघडा हात आपल्या हातात घेतला आणि भर गर्दीतून मान वर करून चालू लागली. भेटेल त्याला ती सांगत होती, "ही माझी मुलगी. एका बाहीच्या कोटाची."

वनारसे मॅडमनी तो कोट कटिंगच्या खोलीत भिंतीवर लावला आणि उल्काला पहिल्या वर्षाच्या मुलांना कटिंग शिकवायला ठेवून घेतलं. शिकवता शिकवता तिने पुढचं शिक्षणही पुरं केलं. वेळ लागला, इतकंच. नवी मुलं आली की ती त्यांना कोट उलटा करून दाखवते आणि म्हणते, "याची दुसरी बाही तुमच्या हातात आहे. ती कधीच पुरी होऊ देऊ नका."

आणि अजून ती झालेली नाही.

तात्पर्य: खोट्याची जोड देऊन पुरं केलेल्या कामापेक्षा खरेपणाने अपुरं राहिलेलं काम मोठं, आणि आपल्या कामामुळे चार माणसं सुधारली, तर तो अभिमान कुठल्याही बक्षिसाहून जास्त टिकतो.